नागपुरात बनवलेला लाटमापक बोया: समुद्र नसताना १४ सेकंदांचा स्वेल तपासायचा कसा?

अंबाझरी_कट्टा
आम्ही चौघे नागपूरचे, इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकलचे विद्यार्थी. सर्फिंगला विशाखापट्टणमकडे जातो, कारण इथून त्यातल्या त्यात जवळचा किनारा तोच. पूर्वानुमानात एके दिवशी '१.२ मीटर, १४ सेकंद' (लाटेची उंची आणि आवर्तकाल, म्हणजे दोन लाटांमधला वेळ) लिहिलेलं असतं, दुसऱ्या दिवशी '१.२ मीटर, ७ सेकंद'. उंची तीच, पण किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा अगदी वेगळ्या. हा फरक, विशेषतः स्वेल (दूरच्या वादळातून येणाऱ्या लांब लाटा), स्वतः मोजावा म्हणून छोटा लाटमापक बोया (पाण्यावर तरंगणारं यंत्र) करायला घेतला आहे.

सामान: ईएसपी३२ बोर्ड, एमपीयू-६०५० सेन्सर (प्रवेगमापक आणि फिरणं मोजणारा जायरो एकत्र), एसडी कार्ड, दोन १८६५० सेल, १६० मिमी पीव्हीसी पाइपचा ६० सेंमी तुकडा, दोन्ही टोकांना टोपणं. पाइप उभा तरंगतो, साधारण ४५ सेंमी पाण्याखाली. झेड अक्षाच्या प्रवेगातून ९.८ वजा करून दोनदा इंटिग्रेट करतो (प्रवेगातून वेग, वेगातून उंची).

अडचण अशी, की टेबलावर नुसता ठेवला तरी दोन मिनिटांत उंची शेकडो मीटर दाखवतो. ०.२ हर्ट्झचा हाय-पास फिल्टर लावला की शांत होतो, आणि अंबाझरी तलावात ८-१० सेंमीच्या लाटा दाखवतो. डोळ्यांनाही त्या साधारण तेवढ्याच वाटतात. तलावात बरोबर आला म्हणजे समुद्रातही येईल असं धरावं का? नसेल, तर नागपुरात बसून समुद्राची चाचणी करण्याची दुसरी काही सोय आहे का?

तरंगलेख
नाही, तसं धरू नका. तलावातली लाट सेन्सरला सोपी जाते आणि तुम्हाला हवी असलेली लाट फार अवघड. सूत्र लहानसं आहे: प्रवेग = (६.२८ ÷ आवर्तकाल)² × निम्मी उंची. आकडे घालून बघा.

तलाव, १० सेंमी उंची, १.५ सेकंद: ०.८८ मीटर प्रति सेकंद वर्ग.
समुद्र, १ मीटर, ७ सेकंद: ०.४०.
स्वेल, १ मीटर, १४ सेकंद: ०.१०.

म्हणजे दहापट उंच स्वेल सेन्सरला तलावातल्या तरंगाच्या नवव्या हिश्शाइतकाच जाणवतो. गुरुत्वाच्या तुलनेत तो जेमतेम एक टक्का. त्यातून तुमचा ०.२ हर्ट्झचा फिल्टर पाच सेकंदांपेक्षा लांब आवर्तकाल दाबतो, म्हणजे १४ सेकंदांचा स्वेल तुम्ही मोजण्याआधीच पुसून टाकता. समुद्रात हा बोया फक्त वाऱ्याची खळबळ दाखवेल.

टेबलावरचे शेकडो मीटर कुठून येतात? एमपीयू-६०५०च्या झेड अक्षाची शून्य-चूक माहितीपत्रकानुसार ±८० मिली-जीपर्यंत (जी म्हणजे गुरुत्वाचा प्रवेग) असू शकते. तुम्ही ती वजा करून फक्त ०.०५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी उरली, तरी दोनदा इंटिग्रेट केल्यावर दोन मिनिटांत ३६० मीटर होतात. शिवाय ही चूक तापमानाबरोबर सरकते, त्यामुळे एकदा कॅलिब्रेट करून भागत नाही.

त्याहून मोठं दुखणं झुकण्याचं. बोया १० अंश झुकला की झेड अक्षावर गुरुत्व ०.१५ने कमी दिसतं. तुमचा सिग्नल ०.१०चा आहे, म्हणजे नुसत्या झुकण्याची चूक स्वेलपेक्षा मोठी. तेव्हा झेड अक्ष म्हणजे 'वर' नव्हे, हे आधी मान्य करा. जायरो वापरून प्रत्येक क्षणी खरी उभी दिशा काढायची (मॅडविक किंवा काल्मन फिल्टर), तिन्ही अक्षांचा प्रवेग त्या दिशेवर घ्यायचा आणि मगच गुरुत्व वजा करायचं. सेन्सर बदलता आला तर आयएसएम३३०डीएचसीएक्स घ्या. 'ओपनमेटबोया' या खुल्या आराखड्यातही तोच आहे. त्याचा नॉइज ६० मायक्रो-जी प्रति रूट हर्ट्झ, एमपीयू-६०५०चा ४००. पण एक खबरदारी: त्या आराखड्यात इरिडियम उपग्रह मॉड्यूल आहे, ते भारतात परवान्याशिवाय वापरता येत नाही. तो भाग गाळून सरळ एसडी कार्डावर नोंद करा.

आणि कृपा करून वेळेच्या अक्षावर दोनदा इंटिग्रेट करणं सोडा. लाटांची मोजणी वर्णपटात (कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे, त्या आलेखात) करतात:

१. १०० हर्ट्झने नोंद घ्या, लो-पास करून ४ हर्ट्झवर आणा. प्रत्येक पंचविसावा आकडा नुसता उचलू नका, नाहीतर वेगवान थरथर खोटी लांब लाट बनून आत शिरते.
२. २० मिनिटांची नोंद, म्हणजे ४,८०० आकडे. १,०२४ आकड्यांचे म्हणजे २५६ सेकंदांचे तुकडे करा, ते एकमेकांवर निम्मे चढवा, हान विंडो लावा (तुकड्याची टोकं हळूहळू शून्यावर आणणारा गुणक), प्रत्येकाचा एफएफटी (वारंवारता वेगळ्या करणारं गणित) घेऊन वर्णपटांची सरासरी काढा.
३. प्रवेगाच्या वर्णपटाला कोनीय वारंवारतेच्या चौथ्या घाताने भागा. हा झाला उंचीचा वर्णपट.
४. ०.०४ ते ०.५ हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवा आणि त्याखालचं क्षेत्रफळ काढा. सिग्निफिकंट उंची (साधारण सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी) = ४ × त्याचं वर्गमूळ.

तिसऱ्या पायरीतच सगळे अडकतात. चौथ्या घाताने भागायचं म्हणजे सारख्याच आकाराचा नॉइज ०.१ हर्ट्झपेक्षा ०.०३ हर्ट्झवर सव्वाशे पट फुगतो. वर्णपटाच्या डाव्या टोकाला उंच भिंत दिसली तर तो स्वेल नव्हे, सेन्सरचा सरकाव आहे. खरा स्वेल असेल तर १४ सेकंदांपाशी स्वतंत्र शिखर दिसतं आणि त्याच्या डावीकडे आलेख पुन्हा खाली येतो.

आता तुमचे दोन '१.२ मीटर'. खोल पाण्यात तरंगलांबी = १.५६ × आवर्तकालाचा वर्ग. १४ सेकंदांची लाट ३०६ मीटर लांब, ७ सेकंदांची ७६ मीटर. निम्म्या तरंगलांबीइतक्या खोलीवर लाटेला तळ लागू लागतो, म्हणजे पहिलीला १५३ मीटरवर, दुसरीला ३८ मीटरवर. लांब लाट उथळ पाण्यात जास्त उभी राहते. कोमार-गॉगन सूत्राने बघितलं तर, किनाऱ्याकडे सरळ येत असल्यास, पहिली फुटताना सुमारे २ मीटर होते, दुसरी सुमारे दीड. प्रत्येक मीटर रुंदीमागे येणारी शक्तीही पहिलीत दुप्पट. म्हणून पूर्वानुमान वाचताना उंचीआधी आवर्तकाल वाचावा, आणि बोया बनवताना आधी लांब आवर्तकालाची सोय लावावी. बाकीचं नंतर जमतं.

हिंगणा_लेथ
वरचं गणित पटलं. चाचणीचं मी सांगतो, कारण ती नागपुरात पक्की होऊ शकते. तलाव नको, उभं चाक करा. व्यावसायिक लाटमापक बोयेही अशाच फिरत्या चाकावर तपासतात.

आधी तुमच्या पाइपबद्दल. ४५ सेंमी बुडालेला उभा पाइप स्वतःच वरखाली डोलतो आणि त्याचा नैसर्गिक आवर्तकाल ६.२८ × √(०.४५ ÷ ९.८१) म्हणजे साधारण १.३५ सेकंद. पाइपबरोबर हलणारं पाणी धरलं तर थोडा जास्त. तलावातल्या लाटाही नेमक्या तेवढ्याच. तेव्हा ते ८-१० सेंमी लाटेचे किती आणि पाइपच्या डोलण्याचे किती, हे सांगता येणार नाही. उभा पाइप सोडून द्या. ३५-४० सेंमी व्यासाचा बुटका, गोलसर तरंगक घ्या, बॅटरी आणि वजन तळाशी, सेन्सर बरोबर मध्यभागी. सेन्सर मध्यापासून १५ सेंमी बाजूला बसला तर डोलण्याचा प्रवेग लाटेत मिसळतो.

चाक असं: ४० × ४० मिमी चौकोनी पाइपची दीड मीटरपेक्षा थोडी लांब दांडी, मध्ये दोन पेडेस्टल बेअरिंगमध्ये शाफ्ट. एका टोकाला, केंद्रापासून ७५ सेंमीवर, बोया टांगायचा. दुसऱ्या टोकाला तेवढंच वजन. वजन तोललं नाही तर दांडी खाली येताना पळते आणि वर चढताना रेंगाळते, साइन लाट मिळतच नाही. टांगायच्या जागी बेअरिंग हवंच. नुसता नटबोल्ट लावला तर घर्षणामुळे बोया दांडीबरोबर कलतो आणि तुम्ही कलण्याची चाचणी करत बसता.

१४ सेकंदांना मिनिटात ४.३ फेरे लागतात. कारच्या वायपरची १२ व्होल्टची मोटार गिअरवाली असते, तरी तिचे फेरे जवळजवळ दहापट जास्त. तेव्हा सायकलचं छोटं चक्र आणि मोठं चक्र दोन टप्प्यांत लावून वेग उतरवा, उरलेला पीडब्ल्यूएम कंट्रोलरने (मोटारचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट) जुळवा. मोटार पूर्ण दाबून अगदी हळू चालवू नका, ती धक्के देत फिरते. शाफ्टवर लोहचुंबक आणि शेजारी हॉल सेन्सर लावा, म्हणजे प्रत्येक फेऱ्याची वेळ आपोआप नोंदली जाईल. सामान सीताबर्डी आणि इतवारीत मिळून जातं.

५, ८, ११, १४ आणि १८ सेकंदांवर प्रत्येकी २० मिनिटं फिरवा. इथे एक फसगत ठरलेली. चाकाचा व्यास दीड मीटर म्हणून यंत्राने १.५ दाखवावं असं वाटतं, पण शुद्ध साइनची सिग्निफिकंट उंची व्यासाच्या १.४१४ पट येते, कारण चारचा गुणक खऱ्या, विस्कळीत समुद्रासाठी आहे. म्हणजे बरोबर उत्तर २.१२ मीटर. १.५ आलं तर कोडमध्ये कुठेतरी चूक आहे. १४ सेकंदांपर्यंत पाच टक्क्यांच्या आत आणि १८ला दहा टक्क्यांच्या आत फरक राहिला तर बोया समुद्रात न्यायला हरकत नाही. हीच फेरी एकदा सकाळी सावलीत आणि एकदा भर दुपारी उन्हात करा. तापमानाने सेन्सर किती सरकतो ते मे महिन्यात नागपूर फुकट दाखवतं.

तलाव वाया जात नाही. सरळ तरंगतो का, गळतो का, बॅटरी किती पुरते, हे तिथेच बघा. महापालिकेला विचारून.

आता सीलिंग. हे कोणी सांगत नाही म्हणून विस्ताराने लिहितो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, इथला हवेचा दाब साधारण ९७५ हेक्टोपास्कल. मे महिन्यात ४५ अंशांत डबा बंद केला आणि २७ अंशांच्या समुद्रात सोडला, तर आतला दाब जवळपास ९२० वर उतरतो आणि बाहेर १,०१० च्या वर असतो. नव्वदेक हेक्टोपास्कलचा हा फरक म्हणजे डबा पाण्याखाली पाऊण-एक मीटरवर कायम धरून ठेवल्यासारखा. तरंगत असतानाही केबल ग्लँडमधून पाणी ओढलं जातं, आणि रोज उन्हाने तापून रात्री थंड होताना हेच परत परत घडतं. उपाय दोन. एक, डब्याच्या वरच्या भागात ईपीटीएफई पडद्याचा व्हेंट प्लग बसवा. तो हवा जाऊ देतो, पाणी नाही. दोन, व्हेंट नसेल तर शेवटचं टोपण किनाऱ्यावर गेल्यावरच लावा. तिथली हवा दमट असते, म्हणून आत ताजं भाजलेलं सिलिका जेल ठेवा. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. थर जाड झाला की त्यात वाळूचा कण अडकतो आणि तिथूनच गळती सुरू होते.

खोलपाणी
दोघांचंही बरोबर आहे, पण तुमची खरी भूक १४ सेकंदांच्या स्वेलची असेल तर तरंगता बोया हा अवघड रस्ता आहे. तळाला दाबमापक ठेवा. झुकणं नाही, जायरो नाही, दोनदा इंटिग्रेशन नाही.

एमएस५८३७-०२बीए सेन्सर घ्या, मापनमर्यादा २ बार. वातावरणाचा एक बार धरून तो १० मीटर पाण्यापर्यंत चालतो. ६ मीटर खोलीवर, लाटा फुटतात त्याच्या बाहेर ठेवलात तर भरती आणि मोठ्या लाटा धरूनही तो मर्यादेत राहतो. लाटेचा दाब खाली जाताना कमी होतो, आणि नेमका तुमच्या फायद्याचा कमी होतो: ६ मीटरवर १४ सेकंदांच्या लाटेचा ९४ टक्के दाब पोहोचतो, ७ सेकंदांच्या लाटेचा ७७ टक्के, ३ सेकंदांच्या खळबळीचा फक्त १३. वर्णपट काढल्यावर प्रत्येक वारंवारतेला ही दुरुस्ती करायची, पण ०.३ हर्ट्झच्या पुढे थांबायचं. त्यापुढे सिग्नलच उरत नाही आणि भागाकार नुसता नॉइज फुगवतो.

ईएसपी३२ ऐवजी ३.३ व्होल्टचा अर्डुइनो प्रो मिनी वापरा, त्याचा पॉवर एलईडी काढून टाका. सेकंदाला दोन नोंदी पुरतात. कार्डावर दर नोंदीला लिहू नका, बफर भरला की एकदम लिहा. वीज सगळ्यात जास्त तिथेच जाते. घड्याळासाठी डीएस३२३१. एका चांगल्या १८६५० सेलवर दोन आठवडे सहज निघतात.

नागपुरातली चाचणी याहून सोपी. ३ मीटरचा पीव्हीसी पाइप उभा करून पाण्याने भरा, सेन्सर अर्ध्या-अर्ध्या मीटरने खाली सोडा. दर मीटरला सुमारे ९.७५ किलोपास्कल वाढले पाहिजेत. समुद्रात तोच आकडा १० च्या आसपास असेल, कारण खारं पाणी जड. हा दोन-तीन टक्क्यांचा फरक कोडमध्ये बदलायला विसरू नका. मग वरच्या चाकाच्या दांडीला दोरी बांधून सेन्सर पाइपमध्ये २५ सेंमी वर, २५ सेंमी खाली, १४ सेकंदांच्या तालात हलवा. दोरी ताणली जाणारी नको, पातळ स्टीलची तार घ्या.

जीपीएस वापरायचा विचार मनात असेल तर दोन इशारे. यू-ब्लॉक्स मॉड्यूलमध्ये 'सी' (sea, म्हणजे समुद्र) नावाचा मोड असतो. नाव बघून बरेचजण तोच निवडतात, आणि तो उभा वेग शून्य धरतो, म्हणजे लाटच गायब. 'पोर्टेबल' किंवा 'एअरबोर्न' ठेवा. दुसरं, काही बोये आडव्या हालचालीवरून उंची काढतात, कारण खोल पाण्यात पाण्याचा कण वर्तुळात फिरतो. १० मीटर खोलीत १४ सेकंदांच्या लाटेचं ते वर्तुळ चपटं होतं, आडवी हालचाल उभ्याच्या २.३ पट. दुरुस्ती न करता आकडा घेतला तर एक मीटरची लाट सव्वादोन मीटर दिसेल.

परवानगीशिवाय काही टाकू नका. विशाखापट्टणम हे मोठं बंदर आहे आणि नौदलाच्या पूर्व कमांडचं मुख्यालय तिथे आहे. बंदर, सागरी पोलीस, मत्स्यविभाग या तिघांना लेखी कळवा, आणि जागा स्थानिक मच्छीमारांना विचारूनच ठरवा. जिथे जाळी ओढली जातात तिथे सेन्सर बांधलेली २० किलोची चौकटही टिकत नाही.

अंबाझरी_कट्टा
मनापासून आभार. आधी चाक आणि ३ मीटरचा पाइप, मग गोल तरंगक, असं ठरवतो. एक शेवटचं विचारतो. दाबमापक दोन-तीन दिवस सलग तळाशी राहिला तर त्या नोंदीवरून स्वेल कुठून आला हे काढता येईल का?

तरंगलेख
येईल, आणि या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

खोल समुद्रात लाटांचा गट ०.७८ × आवर्तकाल इतक्या वेगाने (मीटर प्रति सेकंद) सरकतो. १८ सेकंदांचा गट १४ मीटर प्रति सेकंद, १४ सेकंदांचा ११ च्या थोडा खाली. एकाच वादळातून दोन्ही निघाले तरी लांबवाले आधी पोहोचतात. वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये पॅसिफिकभर केंद्रं मांडून हेच तपासलं होतं. दर तासाचा वर्णपट काढा, स्वेलच्या शिखराची वारंवारता वेळेसमोर मांडा. ती सरळ रेषेत वाढत गेली तर अंतर = ९.८१ ÷ (१२.५७ × रेषेचा चढ).

उदाहरण: शिखर ४८ तासांत १८ सेकंदांवरून १४ वर आलं. वारंवारता ०.०५५६ वरून ०.०७१४ वर गेली, चढ ९.२ × १०⁻⁸ हर्ट्झ प्रति सेकंद. अंतर सुमारे ८,५०० किलोमीटर. विशाखापट्टणमपासून दक्षिणेला तेवढं मोजलं तर ५९ अंश दक्षिणेजवळ, अंटार्क्टिकाभोवतीच्या वादळी पट्ट्यात पोहोचता. १८ सेकंदांच्या लाटा तिथून सात दिवसांपूर्वी निघालेल्या असतात, म्हणजे वादळाची तारीखही मिळाली. त्या तारखेचा हवामान नकाशा उघडून ताडून बघा.

यासाठी वर सांगितलेले २५६ सेकंदांचे तुकडे चालणार नाहीत. त्यात १८ ते १४ सेकंदांमध्ये वारंवारतेचे जेमतेम चार खाने येतात आणि रेषेऐवजी पायऱ्या दिसतात. तासाभराची नोंद घेऊन १,०२४ सेकंदांचे तुकडे करा, सोळा खाने मिळतील. शिखर शोधताना ०.०४ ते ०.०९ हर्ट्झच्या बाहेर बघू नका, नाहीतर दुपारच्या वाऱ्याची लाट स्वेलवर मात करेल. दोन वादळं एकामागून एक झाली असतील तर दोन तिरक्या रेषा दिसतात. त्या वेगळ्या काढा, सरासरी नको.

पहिल्या वेळी इंकॉइसच्या (समुद्राचं पूर्वानुमान देणारी हैदराबादची सरकारी संस्था) पूर्वानुमानात दक्षिणेकडून लांब आवर्तकालाचा स्वेल येताना दिसेल तेव्हाच यंत्र टाका. दिशा मात्र नीट बघा. नैऋत्येकडून येणाऱ्या स्वेलचा बराच भाग श्रीलंका अडवते, त्यामुळे केरळला जोरदार पोहोचलेला स्वेल तुमच्या नोंदीत अगदी फिका दिसू शकतो. थेट दक्षिणेकडून किंवा किंचित पूर्वेकडून येणारा निवडा.